चषकाखालचा ठसा

८ जानेवारी १९७८, रविवार

मिस्सा संपल्यावर फादरांनी थांबायला सांगितलं. बिशपांकडून पत्र आलं आहे. प्रत्येक देवळाने आपल्याकडच्या जुन्या चांदीच्या वस्तूंची यादी करून पाठवायची: वस्तू, माप, तिच्यावरचे ठसे, कुणी घडवली, कधी घडवली. "तुम्ही चित्रकला शिकवता, बाई. हात नेमका आहे. आणि तुमच्या शब्दावर गावाचा विश्वास आहे," म्हणाले. मी हो म्हटलं. वीस वर्षं वसईच्या शाळेत मुलींकडून कलश आणि कमळं काढून घेते आहे, पण माझ्या हाताचं काम देवळाने मागावं असं पहिल्यांदाच झालं.

देवळामागच्या खोलीतल्या कपाटातून अँजेलिनाने एकेक वस्तू बाहेर काढली. चाळीस वर्षं तीच ही चांदी घासते, वेदीवरचे कपडे धुते. एकूण अकरा वस्तू निघाल्या. सगळ्यात जुना, मिस्सात द्राक्षारसासाठी वापरायचा मोठा चषक. तो पोर्तुगीजांच्या जहाजातून आला आणि ते गेले तेव्हा आमच्याच आळीतल्या विहिरीत दडवला होता, असं म्हातारी माणसं सांगतात. त्याच्या बैठकीखाली बारीक ठसे आहेत. मला एकही वाचता आला नाही.

घरी बर्नार्डदादाला सांगितलं. तो पडवीत केळीचे घड उतरवत होता. म्हणाला, "फेबियनला बोलावू. त्याचा धंदाच तो." फेबियन दादाच्या वर्गातला, आता मुंबईत जुन्या वस्तूंचं दुकान चालवतो. दादा एवढ्या पटकन कुणाला बोलावत नाही. मला बरं वाटलं.

२२ जानेवारी, रविवार

फेबियन आला होता. फ्लॉसीवहिनीने कोंबडी केली होती. जेवण झाल्यावर फादरांच्या परवानगीने त्याला देवळात नेलं. त्याने खिशातून जवाहिऱ्याचं भिंग काढलं, चषक उलटा धरला आणि मला म्हणाला, "आधी तुम्ही सांगा काय दिसतं."

मला फक्त ओरखडे दिसत होते. त्याने चषक खिडकीकडे हळूहळू फिरवला, उजेड तिरपा पडू दिला आणि अक्षरं वर आली. मुकुट, त्याखाली एल: म्हणजे लिस्बन शहराचा शिक्का. शेजारी नागमोडी रेघ. तो ओरखडा नाही, कस बघायला तपासनीसाने चांदी किंचित खरवडून घेतलेली खूण आहे. आणि तिसरा ठसा घडवणाऱ्याचा स्वतःचा: जे आणि एफ ही दोन अक्षरं, वर काहीतरी बारीक.

"ते काय आहे?" त्याने विचारलं.

"फूल. पाच पाकळ्यांचं."

"शाबास. तुमची नजर तयार आहे, बाई. मुंबईत माझ्याकडे दोन माणसं आहेत, त्यांना हे सहा महिन्यांत दिसलं नाही."

जे. एफ. म्हणजे कोण ते त्याच्या पुस्तकांत शोधता येईल, म्हणाला. त्यासाठी चषकाचं चित्र हवं: समोरून, बाजूने, खालून, प्रत्येक माप लिहून, आणि ठसे चौपट मोठे काढून. जाताना भिंग मला देऊन गेला. परत करायची घाई नाही, म्हणाला.

अडीचशे वर्षांपूर्वी कुणी एक माणूस लिस्बनला बसून हातोडीचा एक ठोका मारतो आणि मी इथे त्याचं नाव शोधते. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. अर्थात त्या माणसामुळेच, फेबियनमुळे नव्हे. तो चांगला शिकवतो एवढं मात्र खरं.

५ फेब्रुवारी, रविवार

चित्र पूर्ण झालं. दोन आठवडे शाळा सुटल्यावर रोज तासभर देवळात बसत होते. फुलाची तिसरी पाकळी काढताना पेन्सिल जरा सरकली आणि पाकळी किंचित मोठी झाली. खोडायला गेले तर कागद खराब झाला असता, म्हणून तशीच ठेवली.

दादा उद्या भाजी घेऊन मुंबईला जाणार, तोच फेबियनला चित्र पोचवेल. आज तो माझ्या चित्रासमोर किती तरी वेळ बसला. बोटाने मापं वाचत होता. लहानपणापासून त्याने माझं एक चित्र कधी नीट पाहिलं नाही. मग स्वतःच ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, पुठ्ठ्यात घातलं. रक्ताचं माणूस कौतुक तोंडाने करत नाही, असं करतं.

१२ फेब्रुवारी, रविवार

चूक झाली. आज मिस्सानंतर चषक अंगणात कोवळ्या उन्हात आणून पाहिला. ते फूल नाही. शिंपला आहे, पंख्यासारखा उघडलेला, त्यावर पाच उभ्या रेघा. एक कडा झिजली म्हणून गोल वाटत होता. संक्रांतीच्या पतंगाचा उरलेला पातळ कागद ठशावर ठेवून पेन्सिल घासली, तर शिंपला अगदी स्पष्ट उमटला. तो कागद या वहीत चिकटवून ठेवते.

दादा केळीला औषध मारत होता. त्याला सांगितलं, फेबियनला निरोप दे, चित्रातलं फूल चुकलंय. "बरं, बरं," म्हणाला. पंपाच्या आवाजात त्याला नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

२६ फेब्रुवारी, रविवार

क्लेमेंटचा बहरीनचा व्हिसा झाला. दादाचा हा एकुलता एक मुलगा आयटीआय करून तीन वर्षं घरी बसला होता. मुलाखतींना जायचा, परत यायचा, मग कुणाशी बोलायचा नाही. फेबियनच्या ओळखीच्या एका कंपनीने त्याला फिटर म्हणून घेतलं. तिकीट, कागदपत्रं, सगळं तिकडूनच. वहिनी वेदीसमोर गुडघे टेकून बसली ती अर्धा तास उठली नाही.

फेबियन मला अजून जे. एफ.चं काही कळवत नाही. पण ज्याने आमच्या घरात एवढा उजेड आणला, त्याला मी एका ठशासाठी कसं टोचू?

४ मार्च, शनिवार

चषकाचा दांडा सैल झालाय, इस्टरच्या आधी डाक देऊन जोडून घ्यावा, असं दादाने सुचवलं. मला कधी हललेला जाणवला नव्हता, पण आज हातात घेतला तर खरंच डुगडुगत होता. वसई बाजारातले नरहरीशेठ आमच्या वडिलांपासूनचे सोनार, हातचे स्वच्छ. माझ्या परीक्षांचे पेपर तपासायचे पडलेत, म्हणून दादाच नेतो म्हणाला. वस्तू बाहेर जाते म्हणून फादरांनी देवळाच्या वहीत सही मागितली. यादी माझ्याकडे, म्हणून सही मी केली.

१८ मार्च, शनिवार

चषक आला. नवाच वाटतो. नरहरीशेठनी आत सोन्याचा मुलामाही दिलाय.

अँजेलिनाने तो दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"हलका झालाय गं हा."

"अँजेलिनाबाय, अडीचशे वर्षांचा मळ निघाला, हलका होणारच."

"मळ एवढा नसतो. हाताला वेगळाच लागतो हा."

तिला समजावलं, पण ती मान हलवत राहिली. शेवटी मी जरा तोडूनच बोलले. पंच्याहत्तरीची बाई, बोटं सांध्यांत वाकलेली. त्या हातांना वजन काय कळणार?

२६ मार्च, इस्टर

फादरांनी चषक वर उचलला तेव्हा सकाळचं ऊन थेट त्याच्यावर आलं. प्रवचनात माझं नाव घेतलं. मागच्या बाकावरून दादाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्याला भरून आलं असावं.

२ एप्रिल, रविवार

क्लेमेंट गेला. विमानतळावर मला म्हणाला, "आत्या, पत्र तू लिही. पपांना पत्र लिहायला जमत नाही आणि मम्मी फक्त रडू येतं तेवढंच लिहील."

२३ एप्रिल, रविवार

यादी पुरी करायला भिंग घेऊन बसले. चषक सगळ्यात शेवटी घेतला.

खाली फूल आहे. पाच पाकळ्यांचं.

आधी वाटलं, फेब्रुवारीत माझंच चुकलं. वहीतला पतंगाचा कागद काढला. त्यावर शिंपला आहे. पुन्हा भिंग लावलं. फुलाची तिसरी पाकळी बाकीच्यांपेक्षा किंचित मोठी.

ती माझ्या पेन्सिलीची पाकळी आहे. लिस्बनच्या कुठल्याही माणसाला ती ठाऊक असणं शक्य नाही.

यापुढे आज लिहवत नाही.

२४ एप्रिल, सोमवार

शाळेतून परस्पर नरहरीशेठकडे गेले. त्यांनी पाट पुढे केला, चहा सांगितला. मी चषकाचं विचारलं तर त्यांचा चेहरा खुलला.

"आवडला ना फादरांना? बाई, चाळीस वर्षांत असं काम केलं नव्हतं. तुमचं चित्र होतं म्हणून जमलं."

"चित्र तुमच्याकडे कधी आलं?"

"फेब्रुवारीत. तुमचे भाऊ आले, बरोबर मुंबईचे एक साहेब. देवळाला रोजच्या वापरासाठी जोड पाहिजे, जुना जपून ठेवायचा, म्हणाले. चांदी त्यांनीच आणली. जुना मार्चमध्ये दोन दिवस आणून दिला, ताडून बघायला. दोन्ही तेच घेऊन गेले."

"आणि ठसे?"

"हुबेहूब पाहिजेत म्हणाले. मुळातला झिजलेला, तुमच्या चित्रात स्वच्छ, म्हणून चित्रावरूनच ठसा कोरला." मग जरा ओशाळून म्हणाले, "एक गोष्ट मी ऐकली नाही. साहेब म्हणत होते, नवा जरा काळपट, जुनाट करून द्या. मी म्हटलं, देवाच्या कामाला काळपट कशाला? वजनाला मात्र फरक आहे. जुना ओतीव, हा पत्र्यातून ठोकून काढलेला. हातात घेणाऱ्याला कळतं."

हातात घेणारीला कळलं होतं, मीच तिला गप्प केलं. चहा तसाच राहिला.

२५ एप्रिल, मंगळवार

दादा वाडीत पाणी वळवत होता. मी बांधावर उभी राहिले.

"दादा, जुना चषक कुठे आहे?"

फावडं थांबलं नाही. "देवळात."

"नरहरीशेठकडे जाऊन आले मी."

तेव्हा थांबलं. त्याने कपाळ पुसलं. "गेला तो. इस्टरच्या आधीच देशाबाहेर गेला. कुठे ते फेबियनला माहीत."

"तू विकलास?"

"मी एक पैसा हातात घेतला नाही. देवाशपथ. त्याने क्लेमेंटचं काम केलं, मी त्याचं केलं."

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी बांधावरून खाली उतरले.

"तीन वर्षं पोर भिंतीकडे तोंड करून पडून असायचं," तो म्हणाला. "तुलाही दिसत होतं. फादरांना दिसत होतं. कुणी काय केलं? आणि देवळाचं काय बिघडलं? चषक आहे. चांदीचा आहे. फादर प्रार्थना तीच म्हणतात. देव खाली वाकून ठसा बघतो का?"

"मला विचारायचंस."

"हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं." मग फावड्याकडे बघत, जसं काही शेतीचंच बोलतोय तसं म्हणाला, "फेबियन पहिल्या दिवशीच म्हणाला होता, तिला चार ठसे शिकवतो, जरा कौतुक करतो, म्हणजे मन लावून काढेल. तुझ्या चित्राशिवाय हे झालंच नसतं, जुली."

तो मला दिलासा देत होता, असं मला अजूनही वाटतं.

चषक गेला त्याचं दुःख आहे. पण तेव्हापासून डोक्यात घोळतं ते एकच वाक्य आहे: तुमची नजर तयार आहे, बाई. ते वाक्य मी तीन महिने उराशी धरून जगले. दादा पडवीत माझं चित्र बघत बसला होता तेही आठवतं. तो मापं बघत होता.

३० एप्रिल, रविवार

वहिनी माझ्या खोलीत आली, दार लोटून खाली बसली.

"चषकाचं मला खरंच माहीत नव्हतं, बाय. पण काहीतरी आहे ते कळत होतं. एवढं सगळं फुकट कोण देतो? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मुलगा घरीच राहिला असता."

"आता मी काय करू, वहिनी?"

"यादीत जे लिहायचं ते लिहून टाक. लिस्बन लिही. कोण बघतंय?"

खरंच कुणी बघत नाही. भिंग गावात एकट्या माझ्याकडे आहे. चार दिवस मी हाच विचार करते आहे. क्लेमेंटचं पहिलं पत्र आलंय: खोलीत आठ जण राहतात, उकाडा फार, पण काम आवडतं.

संध्याकाळी अँजेलिनाकडे जाऊन तिची क्षमा मागितली. कशाची ते तिने विचारलंच नाही. फक्त "हलका आहे ना?" म्हणाली. मी होय म्हटलं.

७ मे, रविवार

यादी फादरांना दिली. चषकापुढे लिहिलं आहे: "घडवणारा: नरहरी सोनार, वसई. सन १९७८. मूळ लिस्बनचा चषक (ठसा जे. एफ., वर शिंपला) मार्च महिन्यात माझ्या सहीने बाहेर गेला आणि परत आला नाही." पतंगाचा कागद सोबत जोडला.

फादरांनी ती ओळ दोनदा वाचली.

"नेला कुणी?"

"माझ्या भावाने."

"हे न लिहिता देता आलं असतं तुम्हाला."

"हो, फादर."

२१ मे, रविवार

मिस्सानंतर शाळेच्या खोलीत गावाची बैठक झाली. फादरांनी हकिगत सांगितली आणि दादाला बोलायला सांगितलं. मला वाटलं होतं तो मान खाली घालेल, झालं ते झालं म्हणेल. मी त्याच्यासाठी दोन शब्द बोलायचेही ठरवून गेले होते.

तो उठला. आवाज अगदी शांत. "चित्र कुणाचं? जुलीचं. देवळाच्या वहीत सही कुणाची? जुलीची. फेबियनने ठसे वाचायला शिकवलं ते कुणाला? मी वाडीत राबणारा माणूस. मला ठशातलं काय कळतं? बहिणीने पिशवी दिली, मी पोचवली."

मी त्याच्याकडे बघत होते. तो भिंतीकडे बघत होता. मागच्या बाकावर बायका कुजबुजल्या, एकटी बाई, मुंबईचा माणूस, एवढं मला ऐकू आलं. माझ्याच आळीतल्या, ज्यांच्या मुलींना मी शिकवलं त्या.

मी बोलायला उठले. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं, फक्त शेवटचं सोडून.

तेवढ्यात दारात नरहरीशेठ. बाजारात कुणीतरी त्यांना चोरीतला सोनार म्हणालं, म्हणून भर उन्हात पायी आले होते. चपला बाहेर काढल्या. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई माझ्या दुकानात एकदाच आल्या. चोवीस एप्रिलला, चषक देवळात आल्यावर महिन्याने. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिलाय. त्याआधी तिन्ही वेळा हे बर्नार्डभाऊ आले होते." त्यांनी हात जोडले. "मी देवाचं काम म्हणून केलं. घडणावळ पण निम्मीच लावली. आता लोक मला नकली माल करणारा म्हणतात. साठ वर्षं झाली दुकानाला, बापाच्या वेळेपासून. मला फक्त एवढंच सांगायचं होतं."

दादा उठला आणि माणसांच्या मधून वाट काढत बाहेर गेला.

११ जून, रविवार

पोलिसांत तक्रार झाली. मुंबईच्या दुकानाला कुलूप आहे. मालक परदेशी गेला, कधी येईल माहीत नाही, असं शेजारी सांगतात. हवालदाराने माझ्याकडून मूळ ठशाची आकृती मागून घेतली. या वेळी शिंपला काढला. चषक परत येईल असं कुणीच धरून चाललेलं नाही, मीही नाही.

नवा चषक वेदीवर राहील असं फादरांनी ठरवलं. चोरीची लाज त्या चांदीला नाही, म्हणाले. नरहरीशेठना देवळातर्फे पत्र लिहिलं आणि ते बाजारातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवायला स्वतः गेले. अँजेलिना म्हणते, हाताला अजून बसत नाही, पण बसेल.

दादा देवळात येत नाही. माझी चूल मी मागच्या खोलीत मांडली आहे. विहीर एकच, त्यामुळे रोज गाठ पडते. काल माझी घागर भरायची होती तर तो बाजूला झाला, दोर माझ्याकडे दिला. बैठकीत तो जे बोलला, ते बोलताना त्याचा आवाज एकदाही कापला नाही. तेवढं मला विसरता येत नाही. चषकाचं मी विसरेनही.

२ जुलै, रविवार

क्लेमेंटचं पत्र. माझ्या नावावर.

"आत्या, गावचा एक जण इथे भेटला. पपांनी चर्चला जाणं सोडलं म्हणतो. घरात काहीतरी झालंय, मम्मी लपवते. पपांनी काही वाईट केलं का? तू खोटं बोलणार नाहीस म्हणून तुला विचारतो. मला इथे सुपरवायझरने शाबासकी दिली. थोडे पैसे साठले की पपांना नवीन पंप पाठवायचा आहे, जुना फार आवाज करतो."

दुपारपासून लिहिते आहे. चार कागद फाडले. पाचव्यावर सगळं लिहिलं: चषक, फेबियन, माझं चित्र, नरहरीशेठ, बैठक. पपांनी फेबियनवर भरवसा ठेवला आणि फसले, असं लिहिलं. बदल्यात काय घेतलं ते लिहिलं नाही.

वाचून पाहिलं. पाकीट चिकटवलं. उद्या शाळेत जाताना टाकेन.